जपान हललं की हिंगोली हलते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मूळचे औसा तालुक्यातले. १९९३ च्या किल्लारी भूकंपाच्या वेळी नऊ वर्षांचे होते, आता नांदेडला राहतात. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास दहा-अकरा मिनिटांच्या अंतराने दोन धक्के बसले आणि १० जुलैच्या सकाळी पुन्हा एक. त्यांनी तारखा एकाखाली एक लिहिल्या: १ जानेवारी जपान, २१ मार्च हिंगोली, ३ एप्रिल तैवान, १० जुलै हिंगोली. त्याच्या वर कोयना, किल्लारी आणि भुज. मग विचारलं, "या सगळ्यांना जोडणारा एखादा धागा आहे का? कारण हल्ली लांब कुठे मोठा भूकंप झाल्याची बातमी आली, की मला दोन-तीन रात्री झोप लागत नाही."

मी तीस वर्षं भूकंप नोंदवण्याचं काम केलं. सुरुवातच किल्लारीच्या नंतरच्या धक्क्यांपासून झाली. हाच प्रश्न मला तिथल्या पत्र्याच्या शेडपासून पुण्यातल्या सोसायट्यांपर्यंत सगळीकडे विचारला गेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. एक, लांबचा भूकंप इथला भूकंप घडवू शकतो का. दुसरा, जो तुम्ही शब्दांत लिहिला नाही, तो असा की किल्लारीसारखं पुन्हा होणार असेल तर ते आधी कुठे दिसेल. पहिल्याचं बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर देता येतं. दुसऱ्याचं अर्धंच देता येतं, पण तुमच्या कामाचं तेच आहे.

आधी तुमच्याच निरीक्षणापासून सुरू करतो, कारण ते उत्तम आहे. तुम्ही लिहिलंय की आधी आवाज आला आणि खिडकीची काच थरथरली, मग "चार-पाच सेकंदांनी" पलंग हलला. भूकंपातून दोन तऱ्हेच्या लाटा निघतात. पहिली वेगाने येते आणि बारीक थरथर देते. दुसरी हळू येते पण जोरात हलवते. दोघी एकाच जागेवरून एकाच क्षणी निघालेल्या असतात, त्यामुळे वीज आणि गडगडाट यांच्यातल्या अंतरासारखंच इथेही मोजता येतं. मधल्या सेकंदांना साधारण आठाने गुणा, किलोमीटर मिळतात. चार-पाच सेकंद म्हणजे बत्तीस ते चाळीस किलोमीटर. नांदेडपासून कळमनुरी तालुक्याचा जो भाग या धक्क्यांचं केंद्र म्हणून नोंदला गेला, तो जवळपास एवढ्याच अंतरावर आहे. हातात यंत्र नसताना तुम्ही ते अंतर बरोबर मोजलंत.

किल्लारीला आम्ही हेच करत होतो. ड्रमवर काजळी धरलेला कागद गुंडाळलेला असायचा आणि सुई त्यावर पांढरी रेघ ओढत जायची. मिनिटाला साठ मिलिमीटर कागद सरकायचा, म्हणजे एक मिलिमीटर म्हणजे एक सेकंद आणि एक सेकंद म्हणजे आठ किलोमीटर. जमिनीतून 'धुम्म' असा आवाज यायचा, डोक्यावरचा पत्रा थरथरायचा आणि पाठोपाठ सुई आडवी फेकली जायची. शेडबाहेर उभी असलेली माणसं लगेच आत डोकावून विचारायची, "साहेब, हा कुठला?" मी पट्टी लावायचो. एक मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी. "इथलाच," एवढंच सांगायचो. त्या दिवसांत मी शेकडो वेळा 'इथलाच' म्हणालो असेन. तुमच्या यादीकडे बघूनही माझं पहिलं उत्तर तेच आहे.

आता लांबच्यांकडे वळू. १ जानेवारी २०२४ ला जपानच्या नोतो द्वीपकल्पात ७.५ चा भूकंप झाला, तेव्हा आपल्याकडे दुपारचे बारा चाळीस झाले होते. तिथून नांदेड साधारण सहा हजार किलोमीटरवर. त्याच्या मोठ्या, संथ लाटा अर्ध्या तासाच्या आत, एक वाजून दहाच्या सुमारास, तुमच्या पायाखालून गेल्या. तुम्हाला कळलं नाही, कारण त्या लाटेत जमीन एकदा वर जाऊन खाली यायला वीसेक सेकंद घेते. आमच्या यंत्रांना कळतं. २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्राच्या ९.१ च्या भूकंपात तर पृथ्वीवरची प्रत्येक जागा निदान एक सेंटिमीटर हलली. तेव्हा लांबचा भूकंप इथपर्यंत पोचतो, हे खरंच आहे. पोचून तो काय करतो, एवढंच ठरवायचं आहे.

भूकंप होतो म्हणजे खडकातली एखादी जुनी भेग, आम्ही तिला फॉल्ट म्हणतो, दोन्ही बाजूंनी दाबली जात असताना अचानक सरकते. सरकली की तिच्यावरचा ताण उतरतो, पण तो सगळा नाहीसा होत नाही. काही भाग शेजारच्या खडकावर जातो. मांडवाचा एक खांब निसटला की बाजूच्या खांबांवर जास्त भार येतो, तसं. यातून पुढचा भूकंप घडू शकतो आणि घडतोही. तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे ७.८ चा भूकंप झाला आणि नऊ तासांनी शंभरेक किलोमीटरवर, वेगळ्या फॉल्टवर ७.५ चा. त्याच देशाच्या उत्तरेकडचा लांबच लांब फॉल्ट १९३९ च्या एर्झिंजानच्या भूकंपापासून बहुतेक पश्चिमेकडे, तुकड्या-तुकड्याने तुटत गेला. हा भार कुठे साठतोय याचं गणित मांडून काही संशोधकांनी १९९७ मध्ये इझमितच्या बाजूचा धोका वाढल्याचं लिहिलं होतं. १७ ऑगस्ट १९९९ ला इझमितला ७.६ चा भूकंप झाला आणि तीन महिन्यांनी लगतच्या दुझ्जेला ७.२ चा. भूकंप एकमेकांना जोडलेले असतात याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

पण हा भार अंतराबरोबर फार झपाट्याने ओसरतो. दुप्पट लांब गेलात की आठवा हिस्सा, दहापट लांब गेलात की हजारावा. नोतोला तुटलेला फॉल्ट दीडशे किलोमीटरच्या आसपास लांब होता. नांदेड त्याच्या चाळीसपट दूर. म्हणजे तिथल्या ताणाचा चौसष्ट हजारावा हिस्सा. चंद्राच्या ओढीने आपल्याच जमिनीवर रोज जो ताण येतो आणि जातो, तोसुद्धा याच्यापेक्षा खूप जास्त असतो.

हेच माप घरच्या यादीला लावू. किल्लारीला तुटलेला फॉल्ट दहाएक किलोमीटरचा आणि हिंगोली तिथून पावणेदोनशे किलोमीटर. कोयना ते किल्लारी तीनशे किलोमीटरच्या वर. भुज तर किल्लारीपासून जवळपास नऊशे. यातला कोणताही एक दुसऱ्यावर भार टाकण्याइतका जवळ नाही.

तरी एक वाट उरते, आणि ती नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. भार पोचत नाही पण लाट पोचते, आणि एखादा फॉल्ट अगदी सुटण्याच्या बेतात असेल तर ती जाता जाता त्याला सोडवू शकते. हे आधी कुणी फारसं मानत नव्हतं. २८ जून १९९२ ला कॅलिफोर्नियात लँडर्सला ७.३ चा भूकंप झाला आणि बाराशे किलोमीटरवरच्या यलोस्टोनपर्यंत (अमेरिकेतला गरम पाण्याच्या झऱ्यांचा भाग) छोटे धक्के वाढलेले दिसले, तेव्हा मानावं लागलं. २००२ मध्ये अलास्कातल्या देनालीच्या ७.९ च्या भूकंपानंतर यलोस्टोनला पुन्हा तसंच झालं. सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच हिंदी महासागरातलं आहे. ११ एप्रिल २०१२ ला सुमात्राच्या पश्चिमेला ८.६ चा भूकंप झाला आणि पुढचे सहा दिवस जगभरात साडेपाचच्या वरच्या भूकंपांचं प्रमाण नेहमीच्या जवळपास पाचपट झालं.

या उदाहरणांतल्या दोन गोष्टी नीट पाहा. एक, परिणाम लाट जाताना, काही तासांत, फार तर काही दिवसांत दिसतो. दोन, यलोस्टोनसारख्या जागा पुन्हा पुन्हा येतात, कारण जमिनीखाली गरम पाणी आणि वायू कोंडलेले असले की खडक अशा हलण्याला लवकर दाद देतो. मराठवाड्याचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, तसा नाही. नोतोच्या लाटेने हिंगोलीचा फॉल्ट सोडवायचा असता तर तो १ जानेवारीच्या दुपारी किंवा त्या आठवड्यात सुटला असता. २१ मार्च ऐंशी दिवसांनी येतो. आणि तैवानचा ७.४ तर हिंगोलीच्या नंतरचा. हिंगोलीचा ४.५ त्याला धक्का देऊ शकत नाही, दोघांच्या ऊर्जेत वीस हजारपटींहून जास्त फरक आहे.

मग तारखा इतक्या जवळ का दिसतात? कारण मोठे भूकंप आपल्याला वाटतात त्याहून वारंवार होतात. सातच्या वरचे वर्षाला सरासरी पंधरा, म्हणजे चोवीस दिवसांना एक. तुम्ही कॅलेंडरमधला कुठलाही दिवस काढा, अगदी तुमच्या लग्नाचा, आणि त्याच्या मागचेपुढचे पंधरा-पंधरा दिवस तपासा. दहापैकी सात वेळा त्यात जगात कुठेतरी सातच्या वरचा एक तरी भूकंप सापडेल. समुद्रात किंवा निर्जन भागात झालेल्यांची बातमी आपण वाचत नाही. इथे धक्का बसला की मात्र शोधून वाचतो. मेक्सिकोत १९८५, २०१७ आणि २०२२ या तिन्ही वर्षी १९ सप्टेंबरलाच सातच्या वरचे भूकंप झाले. तारीख तीच आली म्हणून जमिनीखाली काही ठरलेलं असतं असं नाही. सुमात्रा २००४, चिली २०१०, जपान २०११ असे महाभूकंप लागोपाठ आले तेव्हा आमच्या क्षेत्रातल्या लोकांनाही शंका आली होती. जुन्या नोंदींतून नंतरचे स्थानिक धक्के वगळून तपासलं, तेव्हा ते योगायोगात बसणारंच निघालं.

एक नातं मात्र सगळ्यांत आहे, पण ते दूरचं. भारताचं भूपृष्ठ वर्षाला पाचेक सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतंय आणि हिमालयापाशी अडतंय. त्या रेट्याने आपलं पठारही दाबलं जातं. काळ्या पाषाणाच्या थराखाली, जो किल्लारीला तीन-साडेतीनशे मीटर आणि कोयनेला सव्वा किलोमीटर जाड आहे, अतिप्राचीन खडकात जुन्या भेगा आहेत. त्या भेगांना हा दाब मिळतो. किल्लारी, कोयना, भुज, हिंगोली यांच्यामागे हा रेटा आहे. पण प्रत्येकाची भेग वेगळी आणि तिची वेळही वेगळी. एकाच पावसात चार गावच्या भिंती पडतात, म्हणून एका गावच्या भिंतीने दुसऱ्या गावची पाडली असं होत नाही.

कोयनेचं थोडं वेगळं आहे, आणि त्यातून मी सर्वांत जास्त शिकलो. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठायला लागलं आणि धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा भूकंप झाला. साठ वर्षं होत आली तरी तिथले धक्के तीस किलोमीटर लांब आणि वीसेक किलोमीटर रुंद अशा एवढ्याशा पट्ट्यात होत आहेत. धरणातल्या पाण्याचा दाब पृथ्वीच्या हिशेबात किरकोळ असतो, पण तो दर पावसाळ्यात, त्याच जागी, भेगेच्या डोक्यावर येतो आणि झिरपत आत जातो. सहा हजार किलोमीटरवरून एकदा जाणाऱ्या लाटेपेक्षा या शेजारच्या पाण्याचं वजन फॉल्टला कितीतरी जास्त कळतं. तुमच्या भागातही इसापूर, येलदरी, सिद्धेश्वर ही धरणं आहेत आणि लोक विचारणारच. धरण जवळ आहे एवढ्यावरून ते ठरत नाही. कोयनेत ते ठरलं, कारण पाण्याची पातळी आणि धक्क्यांची संख्या वर्षानुवर्षं शेजारी-शेजारी मांडून पाहिली गेली.

आता तुमचा न लिहिलेला प्रश्न. २१ मार्चचे दोन धक्के, पहिला ४.५ चा आणि दुसरा ३.६ चा, एकमेकांशी जोडलेले आहेत यात मला शंका नाही. मोठ्यानंतर लहान येतात आणि दिवसागणिक विरळ होत जातात, हे ओमोरी नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १८९४ मध्येच दाखवून दिलं. जुलैचा धक्काही त्याच तालुक्यातला आणि तेवढाच मोठा. त्याचं नातं मार्चच्या धक्क्याशी असणं मला अगदी स्वाभाविक वाटतं, तैवानशी नाही. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेकडे लोक वर्षानुवर्षं जमिनीतून 'गूढ आवाज' येतात म्हणून सांगतात. फार उथळ आणि फार छोट्या भूकंपाचा आवाज असाच येतो. किल्लारीत मी तो इतक्या वेळा ऐकलाय की पेपरात 'गूढ' वाचलं की वाईट वाटतं. गूढ म्हटलं की माणसं घाबरतात आणि नोंद ठेवायची राहून जाते. तुम्ही शोधत असलेला धागा हा आहे, तुमच्या घरापासून तीस-चाळीस किलोमीटरचा.

हा धागा मोठ्या भूकंपाकडे जातो का, हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि आधी कुणालाही सांगता येत नाही. दोन्ही दाखले आपल्याच राज्यात आहेत. किल्लारीला १९९२ मध्ये, म्हणजे आदल्याच वर्षी, धक्के जाणवत होते आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ चा भूकंप झाला. पालघरला डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास नोव्हेंबर २०१८ पासून हजारो छोटे धक्के झाले, मोठ्यात मोठा चारच्या जरासा पुढे. जगभरातला अनुभव पालघरच्या बाजूने जास्त आहे, बहुतेक मालिका मोठं काही न होता विरतात. पण किल्लारी पाहिलेल्या माणसाला मी 'बहुतेक' या शब्दावर सोडून देणार नाही. आणि 'छोटे धक्के झाले, ताण निघून गेला' हे लोक सांगतात, तेही धरून चालू नका. किल्लारीएवढी ऊर्जा निघायला ४.५ चे साडेतीनशे धक्के लागतील.

म्हणून काळजी करायचीच असेल तर ती घराची करा. किल्लारीत माणसं जमिनीने मारली नाहीत. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून, थकून घरात झोपलेल्या माणसांवर माळवदं आली. दोन-दोन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, आतला आणि बाहेरचा असे दोन वेगळे थर, मधे दगडगोटे आणि माती, दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड कुठेच नाही. वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा थर, जो दर पावसाळ्याआधी गळतीसाठी थोडा-थोडा वाढत गेलेला. पडलेल्या भिंतींच्या कडा मी जवळून पाहिल्या आहेत. सीताफळ उकलावं तसे दोन थर दोन बाजूंना फाकलेले होते. तेवढाच भूकंप चांगल्या बांधलेल्या घरांच्या वस्तीत झाला असता तर इतकी माणसं गेली नसती. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या, एक नंबरच्या झोनमध्ये होता. २००२ मध्ये तो झोनच नकाशातून काढून टाकला गेला आणि किल्लारीचा भाग तीन नंबरमध्ये गेला.

तुम्ही लिहिलंय की आई-वडील अजून गावच्या जुन्या घरात राहतात. पुनर्वसनात नवीन घर मिळालेलं नसेल, किंवा मिळूनही ते जुन्यातच झोपत असतील (हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलंय), तर तीन गोष्टी करता येतात आणि त्या फार खर्चाच्या नाहीत. माळवदावरची जादा माती उतरवून वर पत्रा घाला. जाड भिंतींत ठरावीक अंतरावर भोक पाडून सळई आणि काँक्रीटने आतला-बाहेरचा थर एकत्र बांधून घ्या. दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर घराभोवती सलग पट्टा फिरवा, म्हणजे चारही भिंती एकमेकींना धरून राहतील. हे गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका. किल्लारीनंतर दगडी घरं बळकट करण्याचं काम मराठवाड्यात मोठ्या प्रमाणावर झालंय, ते जवळून पाहिलेला इंजिनिअर लातूरकडे सापडेल. नांदेडचा फ्लॅट असेल तर खालचा मजला गाड्यांसाठी नुसत्या खांबांवर उभा आहे का ते बघा. भुजच्या भूकंपात अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादमध्ये अशा इमारती कोसळल्या होत्या.

आणि पुढच्या वेळी जपानची किंवा तैवानची बातमी आली तर तो दिवस तसाच जाऊ द्या. इथे धक्का बसला तर मात्र घड्याळ बघा, आवाज आणि हलणं यांतले सेकंद मोजा आणि वहीत लिहून ठेवा. सेकंद कमी होत गेले, किंवा धक्के विरळ होण्याऐवजी दाट व्हायला लागले, तर तहसील कार्यालयाला कळवा आणि त्या दिवसांत आई-वडिलांना जुन्या घरात झोपू देऊ नका.

पुढच्या वेळी गावी गेलात की माळवदावर चढून मातीच्या थरात एक काठी खुपसून बघा आणि किती इंच आत गेली ते मला इथेच कळवा. त्यावरून किती माती उतरवायची ते सांगतो.